ब्रेक शाबूत होते

४ मार्च

प्रिय बोरू,

सहा वर्षांनी पत्र लिहितोय, आणि तेही काम पडलं म्हणून. आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या पानावर तुझा हिरमोड नको. फोन केला असता, पण फोनवर मला मध्येच झोप लागते. परवा मेव्हण्याशी बोलता बोलता घोरायला लागलो. तो बिचारा दहा मिनिटं 'हॅलो, हॅलो' करत राहिला. कागदावर पेंगलो तर फार तर एक डाग पडेल.

तर ऐक. ज्या घोरण्यावरून तुम्ही अख्ख्या बराकीनं माझं नाव 'घोरपड' ठेवलंत, त्या घोरण्याला आता डॉक्टरांनी नाव ठेवलंय. स्लीप ॲप्निया. झोपेत श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागं करतो, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा वाट बंद. इस्पितळात अंगाला तारा चिकटवून झोपवलं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तासाला बेचाळीस वेळा तुमचा श्वास थांबतो. गेल्या वीस वर्षांत तुम्ही धड झोपलेलाच नाहीत." मी म्हटलं, "बाई, बायको तर म्हणते मी झोपण्यापलीकडे काही केलेलंच नाही." त्या हसल्या नाहीत.

मी शाळेची बस चालवायचो, तुला माहीत आहे. डिसेंबरात एका सिग्नलला डोळे उघडले तर मागे हॉर्नचा गदारोळ आणि बसमधली पोरं ओरडतायत, "काका, हिरवा झालाय!" त्या दिवशी बस आगारात लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि थेट दवाखाना गाठला. लायसन्स गेलं. मग गोदामाच्या फाटकावर बसलो. तिथून तिसऱ्या दिवशी काढलं. राखणदारच घोरतोय म्हटल्यावर मालकानं तरी काय करावं?

सैन्याच्या मेडिकल बोर्डाकडे अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. उत्तर आलं, "आजाराची सेवाकाळात नोंद नाही. आजार वजनाशी निगडित. सेवेशी संबंध नाही." म्हणजे सगळा दोष माझ्या पोटाचा! अरे, सैन्यात होतो तेव्हा माझं पोट पाठीला लागलेलं होतं. घोरणं आधी आलं, पोट नंतर. पण घोरण्याची नोंद कोण ठेवतो?

तू अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खाटेवर झोपलास, म्हणजे झोपायचा प्रयत्न केलास. कंपनीचा कारकून तू, बोरूबहाद्दर. तुझ्या हातचा कागद कधी परत आला नाही. फेरविचाराचा अर्ज करतोय, त्याला जोडायला जे पाहिलंस ते लिहून दे. इस्पितळानं श्वासाचं मशीन उसनं दिलंय, अर्जाचा निकाल लागेपर्यंत. नाकावर मुखवटा बांधून झोपायचं. लेक म्हणते, बाबा पाणबुड्या दिसतात. दिसेनात का. पहिल्या दिवशी सकाळी उठलो तर डोकं हलकं, समोरच्या भिंतीची वीट न् वीट स्पष्ट. सकाळ अशी असते हे मी विसरूनच गेलो होतो रे.

तुझा,
घोरपड

ता. क. माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष झालास असं ऐकलं. सही करताना तसं लिही, वजन पडेल. माझ्याकडे वजनाला तोटा नाही, पण ते चालत नाही म्हणतात.


१६ मार्च

प्रिय घोरपड,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, नंतर हसू येईना.

मागितलेला जबाब सोबत जोडला आहे. संघटनेचा शिक्का मारला आहे. तुझी खाट आम्ही उचलून धान्याच्या कोठारात नेऊन ठेवली होती, तेही लिहिलं आहे. कोठारवाला म्हणायचा, "उंदीर पळाले, ह्याला कायमचा इथेच ठेवा." हे मात्र गाळलं. श्वास मध्येच थांबायचा, मी उठून तुझ्या छातीवर हात ठेवून पाहायचो, मग तू घुसमटून पुन्हा सुरू व्हायचास, हे तारीखवार नाही पण वर्षवार लिहिलं आहे. गेल्या आठ वर्षांत मी लोकांची शंभराच्या वर अपिलं लिहिली. त्यातला अनुभव असा की कागद थोडका आणि कोरडा असावा. बोर्डापुढे जास्त बोलू नकोस. विचारतील तेवढंच सांग.

आणि एक. घाटातल्या त्या वळणाचा विषय चुकूनही काढू नकोस. चौकशीत जे लिहिलं गेलं ते लिहिलं गेलं. ब्रेक निकामी, विषय संपला. फाइल बंद आहे ती बंदच राहू दे. त्यानं तुझा फायदा तर नाहीच, झालं तर नुकसानच होईल. हे अध्यक्ष म्हणून लिहीत नाही, मित्र म्हणून लिहितो.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
बोरू


२९ एप्रिल

भाऊजींना नमस्कार.

मी तुमची वहिनी. आपण दोनदाच भेटलोय, एकदा आमच्या लग्नात आणि एकदा हे इस्पितळात होते तेव्हा. तरी पत्र लिहायचं धाडस करते आहे.

बोर्डानं ह्यांचा फेरविचाराचा अर्जही फेटाळला. मी सोबत गेले होते. लांब टेबल, पलीकडे तिघं जण. तुमचा जबाब मधल्या साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "घोरणं म्हणजे आजार नव्हे. घोरत तर मीही असेन." त्यांच्या शेजारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बरं विचारलं. म्हणाली, "ड्यूटीवर असताना झोप लागून कधी काही घडलं का? एखादा अपघात? अशी एक जरी घटना असली तरी आम्हाला धागा मिळेल."

हे म्हणाले, "नाही."

भाऊजी, हे खोटं बोलतात तेव्हा ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. सव्वीस वर्षांच्या संसारात मी ते तीन-चारदाच पाहिलंय. त्या दिवशी पाहिलं. बसमध्ये दीड तास हे खिडकीबाहेर बघत होते.

मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाच्या मापांची वही सापडेना म्हणून ह्यांचा खण उपसला, तर तुमचं पत्र हाती आलं. तुम्ही फाडायला सांगितलं होतंत, पण ह्यांच्या हातून काही फाडलं जात नाही. घाटात अपघात झाला, ह्यांचं कंबरेचं हाड मोडलं, एवढंच मला ठाऊक आहे. तेव्हा मला सातवा महिना होता, कोणी जास्त सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता विचारते. त्या वळणावर काय झालं? तुम्ही दोघं काय लपवताय?

शेवटचं अपील ऑगस्टात आहे. जूनअखेर मशीन परत द्यावं लागेल, कारण ते उसनं होतं आणि निकाल तर लागला. मशीन नव्हतं तेव्हा मी ह्यांच्या पाठीला हात लावून पडायचे. श्वास अडकला की हलवायचं, पुन्हा चालू झाला की डोळे मिटायचे. पुन्हा त्याच वाटेला जायची माझी तयारी आहे. पण का जायचं, ते तरी मला कळू दे.

तुमची वहिनी


८ मे

आदरणीय वहिनी, स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. निकाल वाचून वाईट वाटलं.

आपण विचारलेल्या प्रसंगाबाबत. अठरा वर्षांपूर्वी सामानाचा ट्रक घाटात ब्रेक निकामी झाल्यामुळे दरीत गेला. चालक आपले यजमान होते. सोबत मेकॅनिक होता, ठेंगणा म्हणून त्याला आम्ही टिल्लू म्हणायचो. तो जागीच गेला. चौकशीत असं आढळलं की आदल्या दिवशी ब्रेकची तपासणी त्यानेच केली होती व त्यात त्याची हयगय झाली. आपल्या यजमानांवर कसलाही ठपका नाही. लपवण्यासारखं काही नाही. मित्र गेल्याचं दुःख मोठं असतं, म्हणून ते बोलत नसतील.

अपिलासाठी माझी सूचना अशी की भरतीच्या व निवृत्तीच्या वेळच्या वजनाच्या नोंदी मागवाव्यात. अर्जाचा मसुदा मी करून पाठवतो. वहिनी, जुन्या गोष्टी उकरून कोणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आपला नम्र,
अध्यक्ष, माजी सैनिक संघटना


२६ मे

बोरू,

तुझ्या वहिनीनं तुझं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हे टाचलेलं आहे, शिवलेलं नाही. ओढलं की सुटेल. तुम्ही ओढता की मी ओढू?"

मी ओढलं. सगळं सांगितलं तिला. आता तुला सांगतो, कारण आपण दोघं एवढी वर्षं हे एकमेकांशीही कधी मोठ्यानं बोललो नाही.

खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत वरचा साठा भरायचा होता. दोन दिवस मी स्टिअरिंगवरून उतरलो नव्हतो. दुपारचे तीन, लख्ख ऊन, रस्ता कोरडा. टिल्लू शेजारी बसून संत्रं सोलत होता. सुट्टीत आईला नवी इस्त्री घेऊन देणार, कोळशाची नको, विजेची, असं काहीतरी सांगत होता. मला त्याचं बोलणं लांबून यायला लागलं. मग तो "उस्ताद!" असं ओरडला. मी डोळे उघडले तर काचेत रस्ता नव्हता, नुसतं आभाळ होतं.

ब्रेक निकामी झाले नव्हते, बोरू. ब्रेकवर माझा पायच नव्हता.

तू इस्पितळात जबाब टाइप करून आणलास. मी वाचला. टिल्लूनं तपासणीत हयगय केली, असं त्यात होतं. मी म्हटलं, "हे खोटं आहे." तू म्हणालास, "टिल्लू गेला. त्याला आता कोण काय करणार? तुझी बायको पोटुशी आहे. तू तुरुंगात गेलास तर तिचं काय?" मी सही केली. तू लिहिलंस, पण सही मी केली. तुझ्यावर ढकलत नाही.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. अपघाताच्या पंधरा-वीस दिवस आधी मी आपल्या डॉक्टरकडे गेलो होतो. म्हटलं, साहेब, दिवसाढवळ्या पेंग येते, कधी कधी गिअर बदलता बदलता येते. त्यानं घसा पाहिला, जबडा पाहिला, म्हणाला, "तुला गाडीवरून उतरवायला हवं. मोठ्या इस्पितळात तपासून घेऊ. ऑफिसला चिठ्ठी पाठवतो." चिठ्ठी काही आली नाही. एका डॉक्टरमागे चारशे माणसं, विसरला असेल बिचारा. आता तो हयात नाही आणि दवाखान्याचं रजिस्टर छावणी हलली तेव्हा गहाळ झालं म्हणतात. मी त्याला कधी दोष दिला नाही. पण चिठ्ठी आली नाही म्हणजे आपल्याला तसं काही नाही, असंच मी धरून चाललो. दोन दिवसांचा थकवा होता, म्हणून झोप लागली, असं मनाला समजावलं. तसं समजावलं म्हणून तर पुढे चौदा वर्षं शाळेची बस चालवली. चाळीस पोरं असायची माझ्या मागे.

अपील मंडळापुढे मी खरं सांगणार आहे. पेन्शन मिळो न मिळो. पण त्याआधी टिल्लूच्या आईकडे जाणार आहे. तुझं नाव निघेल, म्हणून आधी कळवलं. पाठीमागून वार करायचा नाही. तू आलास तर बरं वाटेल. दोघं मिळून सांगू.

घोरपड


११ जुलै

भाऊजी,

दीड महिना झाला, तुमचं उत्तर नाही. फोन वाजून वाजून बंद होतो. हे म्हणायचे, "बोरू विचार करत असेल. त्याला कागद पक्का करायला वेळ लागतो."

तीस जूनला मशीन परत केलं. एक तारखेला आम्ही टिल्लूच्या आईकडे गेलो. दोन बस बदलून. एका बोळात त्यांची एक खोली आहे, खालीच इस्त्रीचं दुकान. सत्तरीच्या आहेत, अजून उभ्यानं काम करतात. ह्यांनी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, "बोला, मला ढीग संपवायचाय." हे बोलत होते आणि त्या शर्टामागून शर्ट करत होत्या. बाह्या, कॉलर, घडी. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे ब्रेक चांगले होते?"

"हो मावशी. ब्रेक शाबूत होते. माझा पाय नव्हता."

त्यांनी हातातला शर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, "लोक मला म्हणायचे, माणूस आहे, चुकतो. मीही म्हणायचे, चुकला असेल. अठरा वर्षं मी माझ्या पोराला चुकला म्हणत आले."

हे रडायला लागले. मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिथे ते लिहिलंय तिथे जाऊन हे लिहा. मग या." आणि पुढचा शर्ट घेतला.

ह्यांनी मान डोलावली. परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "आता एकवीस ऑगस्टपर्यंत जीभ जागेवर राहिली पाहिजे." गंमतीत म्हणाले होते.

पाच तारखेला सकाळी मोरीत दात घासताना पडले. आवाज आला म्हणून धावले, तर तोंड वाकडं झालेलं आणि ब्रश अजून मुठीत. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास असा अडकत राहिला की रक्तदाब चढतो, आणि तो कधी ना कधी डोक्यात जातो. मी विचारलं, "मशीन असतं तर?" त्या म्हणाल्या, "तसं खात्रीनं सांगता येत नाही." पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

समजतं ह्यांना सगळं. बोलायला जातात तर नुसता 'ब… ब…' असा आवाज येतो. बायका म्हणतात बाळासारखं झालंय. मला ठाऊक आहे, ते 'ब्रेक' म्हणायला बघतायत, नाहीतर 'बोरू'.

एकवीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. ज्यांनी ते पाहिलंय, लिहिलंय, त्यांच्यापैकी बोलू शकणारे आता फक्त तुम्ही उरलात.

वहिनी


२ ऑगस्ट

प्रिय घोरपड,

वहिनी तुला हे वाचून दाखवतील, म्हणून सोपं लिहितो.

डॉक्टर विसरला नव्हता. चिठ्ठी आली होती. ती माझ्याकडे आहे.

त्या दिवशी दवाखान्यातला शिपाई टपाल देऊन गेला. मी चिठ्ठी आपल्या कंपनीच्या साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, कोपऱ्यात 'नंतर पाहू' असं लिहून सही केली आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "गाड्या चौदा, चालक नऊ. खिंड बंद व्हायला वीस दिवस आहेत. ही चिठ्ठी तुला वीस दिवसांनी मिळाली असं समज." मी 'हो साहेब' म्हटलं. आवक रजिस्टरात नोंद केली नाही. खणात टाकली. तू रोज माझ्यासमोरून गाडीची किल्ली घेऊन जायचास आणि मी तुझी सही घ्यायचो. अठराव्या दिवशी तू दरीत गेलास.

अपघातानंतर साहेब म्हणाले, जाळून टाक. मी जाळली नाही. सदसद्विवेक वगैरे म्हणालो तर तो खोटा मोठेपणा होईल. मी भ्यालो होतो. उद्या माझ्यावर शेकलं तर साहेबांची सही दाखवता यावी, म्हणून ठेवली. नंतर साहेब वारले. तरी ठेवली. का, ते मला सांगता येत नाही.

टिल्लूवर ठपका ठेवायची कल्पना साहेबांची होती. शब्द माझे होते. 'हयगय' हा शब्द मी शोधला. आधी 'निष्काळजीपणा' लिहिलं होतं, ते मला फार कडक वाटलं.

एवढी वर्षं तू समजत होतास की टिल्लूला तू मारलंस. तो एकट्या तुझा अपराध नव्हता हे सांगणारा कागद माझ्या ट्रंकेत होता. तू शाळेची बस चालवतोस हे कळलं तेव्हाही मी गप्प बसलो. लोकांची अपिलं लिहीत राहिलो. लोक म्हणायचे, अध्यक्षसाहेब देवमाणूस आहेत.

मे महिन्यात तुझं पत्र आलं. 'विसरला असेल बिचारा' हे वाक्य वाचलं आणि पुढे वाचवेना. त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं. जून संपायच्या आत चिठ्ठी बोर्डापुढे गेली असती तर मशीन तुझ्याकडेच राहिलं असतं. दीड महिना मी फोनकडे बघत बसलो. वहिनींचं पत्र येईपर्यंत.

एकवीस तारखेला मूळ चिठ्ठी घेऊन येतो. सगळं सांगतो. अध्यक्षपदाचा राजीनामा काल दिला. माझं पुढे जे व्हायचं ते होवो. क्षमा माग असं मन म्हणतं, पण कोणत्या तोंडानं मागू?

बोरू


१२ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाला मी थांबले, मला पुढे जाववेना. ह्यांनी डाव्या हातानं खूण केली, वाच. शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा खूण केली. असं तीनदा वाचून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत, सांजेलाही नाहीत.

मला काय वाटतं ते विचारू नका. मला अजून ते नीट ठरवता आलेलं नाही. पाच जुलैच्या आधी आणि पाच जुलैच्या नंतर, एवढंच माझ्या डोक्यात फिरतं.

एकवीसला अकरा वाजता. तळमजला, डावीकडची खोली. मूळ कागद आणा, नक्कल नको. आमच्या घरी उतरू नका.


३० सप्टेंबर

भाऊजी,

निकाल आला. तुम्हालाही नोटीस आली असेल. तरी तुम्हाला कळवावं असं वाटलं, कारण त्या दिवशी तुम्ही बोलून झाल्यावर कोणाकडे न बघता निघून गेलात. सगळा वेळ तुमची मान खाली होती, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल ते सांगते.

टेबलापलीकडे मागच्या वेळचेच तिघं होते. तुम्ही चिठ्ठी टेबलावर ठेवलीत तेव्हा त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली. वाचून मधल्या साहेबांकडे दिली. ते या वेळी काही विनोद करू शकले नाहीत. तुम्ही 'हयगय' शब्दाचं सांगत होतात तेव्हा मागच्या बाकावर टिल्लूची आई बसली होती. मी त्यांना बोलावलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात की नाही, मला खात्री नव्हती. त्या पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होत्या. आणि हे चाकाच्या खुर्चीत बसून तुमच्याकडे बघत होते. एकदाही नजर हलवली नाही. राग होता का, ते मला कळलं नाही. मला ह्या माणसाचं सगळं कळतं असं मला वाटायचं.

मंडळानं लिहिलंय की आजार सेवेत सुरू झाला, डॉक्टरांनी लेखी सांगूनही तो दुर्लक्षिला गेला, आणि अपघात त्यातूनच घडला. पेन्शन मंजूर झाली. मशीनही आलं, आता आमचं म्हणून. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे गेलं ते ह्यानं परत येणार नाही, पण आणखी जायला नको म्हणून लावा. लावते. टिल्लूच्या कागदावरचा ठपका काढून टाकायचा हुकूम झाला आहे. खोट्या जबाबाची नव्यानं चौकशी होईल. त्यात तुमच्याबरोबर ह्यांचंही नाव आहे. आजारपणामुळे ह्यांच्यावर पुढे काही होणार नाही असं वकील म्हणतात. तुमचं ते सांगत नाहीत.

हुकमाची प्रत घेऊन मी मावशींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही. 'तपासणीत कोणतीही चूक नव्हती' एवढी ओळ त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली, ती कुठे लिहिली आहे ते बोटानं दाखवायला सांगितलं, आणि त्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. दुकानात गिऱ्हाईक आलं, तेव्हा म्हणाल्या, "थांबा जरा." गिऱ्हाईक थांबलं. मी निघताना त्यांनी ह्यांची तब्येत विचारली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

तुम्ही आलात, खरं बोललात, त्याबद्दल आभार मानायला हवेत. मानते. पण चिठ्ठी मेमध्ये का नाही पाठवलीत, हे मी मरेपर्यंत विचारत राहीन. तुम्हालाही विचारत राहीन. ते तुम्हाला सोसावं लागेल.

खालच्या ओळी ह्यांच्या आहेत. डाव्या हातानं लिहायला शिकतायत. न्याहारीनंतर बसले ते दुपार झाली. मी मदत करायला गेले तर हात झटकला. काय लिहिलंय ते मी वाचलंय, पण त्यावर माझं काही म्हणणं नाही. ते तुमचं दोघांचं आहे.

वहिनी


बोरू
राग आहे. जाणार नाही.
येऊ नकोस.
पत्र लिही.